आपला शंभर जरा बुटका

आण्णा, परवा पाथरीचा आला होता. आपल्या घरी राहून शिकलेला तोच, तुमचा लाडका विद्यार्थी. आता कॉलेजात विज्ञान शिकवतो. ताडकळसला एस.टी.तून उतरला तो सरळ आपल्या स्वयंपाकघरात शिरला आणि आईसमोर पाटावर बसला, जणू मधली सगळी वर्षं तो नुसता बाजाराला गेला होता. आईने चहाचं आधण ठेवलं. पाण्याला उकळी फुटली तसा तो हसला. म्हणाला, "काकू, सर काय म्हणायचे आठवतं का? आपला शंभर जरा बुटका हाय."

आई तोंडाला पदर लावून हसली. "व्हय, म्हणायचे खरं."

मी दारात उभा होतो. हे वाक्य मी तुमच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग त्यानेच मला समजावलं, वर्गात समजावत असेल तसं. पाणी शंभर अंशांना उकळतं ते समुद्राकाठी. आपण उंचावर, इथे हवेचा दाब कमी, म्हणून थोडं आधीच उकळतं. आपण घरी पाऱ्याच्या नळीवर शंभराची खूण केली ती इथल्या उकळीची. मला ते लगेच कळलं. पण तुम्ही हे त्याला सांगितलंत, आईला सांगितलंत आणि मला नाही, हे काही केल्या मनातून जात नाही.

ती खूण केली तो दिवस मला सगळा आठवतो. तुम्ही हैदराबादहून पाऱ्याची नळी आणली होती, काचेवर एकही खूण नसलेली. परभणीच्या कारखान्यातून बर्फाची लादी, भुशात घालून, पोत्यात गुंडाळून, एस.टी.च्या टपावरून ठिबकत आलेली. मी चुलीपाशी बसून तुकडे धुतोय, भुशाचा कण राहू नये म्हणून पुन्हा धुतोय, आणि तुम्ही म्हणता, "आरं, बर्फ धुतोस का तांदूळ? समदा इरघळून जाईल." पाथरीचा हसतो. मग पातेल्यातल्या बर्फात नळी उभी राहते, पारा उतरतो आणि थांबतो. बर्फ पुरता वितळेपर्यंत तो हलणार नाही, बाहेर कितीही ऊन असो, असं तुम्ही सांगता. तिथे मी पांढरा दोरा बांधतो. ते शून्य. मग आधण. नळी पाण्यात नाही, वर वाफेत धरायची. मी पुढे होतो तर तुम्ही म्हणता, "तू ऱ्हाऊ दे. तुझा हात कापतो."

लाल दोरा त्याने बांधला. दोन दोऱ्यांमधल्या अंतराचे शंभर सारखे भाग तुम्ही दोघांनी डोक्याला डोकं लावून कागदाच्या पट्टीवर पाडले. "डॉक्टरच्या थर्मामीटरच्या फॅरनहाइट मापात ह्याच शून्याला बत्तीस म्हणतात," तुम्ही त्याला सांगत होता. "पाणी तेच. आकडे माणसाचे." मी ते पाठीमागून ऐकलं. तुमचं पुष्कळसं बोलणं मी असं पाठीमागूनच ऐकलेलं आहे.

तुम्ही गेलात, माझी शाळा सुटली आणि मी त्याच बर्फाच्या कारखान्यात लागलो. तिथे पाण्याचे डबे मिठाच्या पाण्यात बुडवलेले असतात. ते खारं पाणी शून्याच्या खाली जाऊनही गोठत नाही, आणि डब्यातलं गोडं पाणी मात्र दगड होतं. हे मी तुम्हाला सांगितलं असतं. तुम्हाला ठाऊक असणारच, तरी सांगितलं असतं.

निघताना त्याने नळी मागितली. "पोरांना दाखवीन. सरांची आठवण." आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, नळी ठेवलीय त्या पेटीची किल्ली सापडत नाही. किल्ली माझ्या खिशात होती. तो म्हणाला, "असू दे, तुझ्यापाशीच बरी हाय. सर म्हणायचे, शून्य माझ्या पोरानं लावलंय, ते कुठंबी नेलं तरी खरं. बर्फ समदीकडं तेवढ्यालाच इरघळतो."

हेही वाक्य त्याच्याचकडे होतं, आण्णा.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी नळी वितळत्या बर्फात धरली. पारा उतरला आणि पांढऱ्या दोऱ्यापाशी थांबला. बराच वेळ बघत राहिलो. घरी येऊन आधण ठेवलं, वाफ येऊ लागली, आणि नळी वर धरण्याआधीच मी पातेलं चुलीवरून खाली उतरवलं. तुम्हाला लिहिलेला हा कागद आता नळीभोवती गुंडाळून पेटीत ठेवतो. त्याचा लाल दोराही इथल्या वाफेत अगदी बरोबर येणार, हे मला माहीत आहे. तेवढं मला बघवलं नसतं.