मारानंतरचा घास

आई,

आमच्या बालगृहातली एक मुलगी मला रोज तुझ्यापाशी आणून सोडते. नऊ वर्षांची आहे. तू गेल्यावर मी समाजकार्याची पदवी घेतली, आपल्या घरातली पहिली, आणि परळच्या या मुलींच्या बालगृहात नोकरीला लागले. इथे कोणावरही हात उगारायचा नाही, असा नियम आहे. त्या नियमासाठीच मी इथे आले, असं मी सगळ्यांना सांगायचे. ही मुलगी आली त्याच आठवड्यात तिने शेजारणीच्या ताटात पाणी ओतलं. मी तिला जवळ बसवून शांतपणे समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बस? मारणार नाय?" मी म्हटलं, नाही. "मग जेवायचं कसं?" मला वाटलं, टोमणा मारतेय. पण ती खरंच जेवली नाही. भरल्या ताटासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिली. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या, "ताई, हिला गोड बोललेलं पचत नाय. एक द्या ठेवून, मुकाट जेवेल." मी त्यांना मुलांच्या हक्कांवर भाषण दिलं. त्यांनी ताट उचललं. "हक्क जेवला का पण?"

तिच्या घरी काय चालायचं ते हळूहळू कळलं. बाप आधी पट्ट्याने मारायचा, मग कुशीत घेऊन भरवायचा. "पप्पा रडायचे पण," ती अभिमानाने सांगते, आणि मी लालबागच्या आपल्या खोलीत जाऊन पोहोचते. तू खानावळीत पोळ्या लाटून आलेली आहेस, खांदे भरून आलेत, आणि मी दूध उतू घालवलंय. पाठीत धपाटा बसतो. मग थोड्या वेळाने तू बांगड्याचे काटे काढतेस, घास माझ्या तोंडाशी धरतेस. "रडतस कित्याक गो? जेव." भिंतीपलीकडून काकी विचारते, "झालो काय गो कार्यक्रम? मग रश्शाची वाटी घेवन येतंय." तू हसतेस. नाक ओढत मीही हसते. कॉलेजात अशा आईवडिलांवर मी पानंच्या पानं लिहिली, आणि तुझा विचार एकदाही केला नाही.

तिचं उपाशी राहणं वाढत गेलं. आमच्या अधीक्षक बाई म्हणाल्या, "जमत नसेल तर बालकल्याण समितीला कळवते, दुसरीकडे हलवतील." याआधीही तिला असंच हलवलं होतं. मी थोडे दिवस मागून घेतले. शनिवारी तिच्या हातून काचेचा ग्लास फुटला. मी एवढंच विचारलं, "लागलं का ग?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःच्याच दोन्ही गालांवर फाडफाड मारून घेतलं, आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. तोंड उघडलं. मी भरवलं. ती सगळा भात जेवली. बाई दारातून बघत होत्या. "जमलं की तुम्हाला!" तिला हलवायचं थांबलं.

आता ती काही चुकलं की आधी गालावर मारून घेते. मी हात धरले तर जेवत नाही. सोडले तर जेवते.

म्हणून मी आपल्या खोलीत एक दिवस शोधतेय, काहीही न घडता तू मला भरवलंस असा. तू नुसतीच कामावरून आलीस, मी नुसतीच बसले होते, आणि तू घास पुढे केलास. असा दिवस असणारच. तो सापडला तर तिच्याशी काय करायचं ते मला सुचेल, असं वाटतं. मी बसून राहते, आठवते, आणि दर वेळी पाठीतला धपाटा आधी आठवतो. तू असतीस तर मी तुला हे विचारलं नसतं. हातातला घास तसाच धरून तू थांबली असतीस, आणि ते मला बघवलं नसतं. या कागदाला जायला पत्ता नाही, त्यामुळे एवढं लिहू शकते. त्या शनिवारी तिच्या गालांवर उमटलेली बोटं मला दिसत होती. तरी तिने तोंड उघडलं तेव्हा मला फार बरं वाटलं, आई.