कधीच मासळी न लागलेली कढई

बाई, तुमची कढई आज गराजमधून बाहेर काढली. हो, बाईच म्हणतो. ऑफिसात सगळ्यांसारखा मीही नावाने हाक मारायचो, पण ज्यांनी काम शिकवलं त्यांना आमच्याकडे दुसरं काय म्हणणार?

चौऱ्याऐंशीचा हिवाळा. अमेरिकेत, हर्नडनला, घरमालक काका-काकूंच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहतो. ते पक्के शाकाहारी, म्हणून खोली मिळावी यासाठी मीही शाकाहारी झालेलो. आपलं ऑफिस बंदरांचे नकाशे काढणारं. एकदा धक्क्यामागची कोळीवस्ती मी कोरीच सोडली, तर तुम्ही कागद परत माझ्यापुढे टाकलात. "तिथे माणसं राहतात. रिकामं कसं?" अस्सा राग आला होता मला! मी स्वतः तसल्याच वस्तीतला. कुणाला सांगत नव्हतो, एवढंच.

मग एका रविवारी तुम्ही काका-काकू आणि मी, आम्हा तिघांना जेवायला बोलावलंत. स्वयंपाकघरात तुम्ही पातळ पोळीत बांबूचे कोंब भरून गुंडाळ्या करताय आणि जावा बेटावरच्या तुमच्या सेमारांग गावाबद्दल सांगताय. भरतीचं पाणी गल्लीत शिरायचं. रमजानच्या आदल्या दिवशी आधी मशिदीचा नगारा, मग तोफ, की जत्रा सुरू. तुमचं घर चिनी, तरी वडील तुम्हाला खांद्यावर घेऊन जायचे, आणि तिथे एक खेळण्यातला प्राणी मिळायचा: तोंड चिनी ड्रॅगनचं, मान अरबांच्या उंटाची, पाय जावाच्या बकरीचे. "सगळं गाव त्यात होतं," म्हणालात, आणि कढईत सोडे टाकलेत, सुकवलेली कोळंबी. तो वास! माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"तू समुद्रकाठचा ना? हे खात असशील," तुम्ही मला विचारलंत.

"नो नो, ही इज प्युअर व्हेज, आमच्यासारखाच!" काकू म्हणाल्या. आणि मी मान डोलावली, नंदीबैलासारखी.

त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी वेगळी कढई आणलीत. तीन वर्षं तिच्यात माझ्यापुरते बटाट्याचे रोल तळलेत. मी नोकरी बदलून टेक्सासला निघालो तेव्हा तीच हातात दिलीत. "हिला कधी मासळी लागलेली नाही. तुझ्या आईला सांग, बरं वाटेल तिला."

माझी आई, बाई, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात सोडे विकायची.

तुम्ही होतात तोवर एक फोन करून हे सांगता आलं असतं. लाज वाटली, दुसरं काही नाही. आता हे पत्र टाकणार तरी कुठे? म्हणून आज ठरवलं, निदान कढईपुरतं तरी खोटं संपवू. कोरियन दुकानातून सोडे आणले, भिजवले, कढई घासून गॅसवर ठेवली. पण खोटं माझं होतं. जपणं तुमचं खरं होतं. हात पुढे होईना. सोडे शेवटी दुसऱ्याच भांड्यात परतले.