आर्रिवो आणि आर्रिवा

मिठबाव, मंगळवार, दिवेलागणीनंतर

वर्षभर वहीत इटालियन क्रियापदं गिरवतोय, नातवाला एकदा त्याच्या इटलीतल्या घरी जाऊन बघावं म्हणून. आज तिकडून इटालियन सूनबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मुलगा नुकताच रजेवर येऊन विहिरीवर आंघोळीला गेला होता. ‘तो पोचला’ एवढंच सांगायचं होतं. ‘मुलगा आला’ला आमच्यात ‘झील इलो’ म्हणतात, म्हणून मीही शेवटी ओ लावून म्हटलं, “आर्रिवो.”

तिचा चेहराच उतरला. “नो, नो,” म्हणाली.

मुलगा डोकं पुसत आला, तिच्याशी बोलला आणि हसायला लागला.

“बाबा, ‘तो’ म्हणूचा तर आर्रिवा. आर्रिवो म्हणजे मी येतंय. तुमी येतास म्हणून ती घाबारली.”

“घाबारली कित्याक?”

तो डोकं पुसत राहिला.

कित्याक? मी तिथं कोणाला जड होणार होतो? देवापुढे बसलो, पण जपातही तेच, आर्रिवो, आर्रिवा. शेवटी वहीत भविष्यकाळ काढला, त्याला नकार जोडला आणि स्वतःच फोन लावला. “नॉन आर्रिवेरो.” मी येणार नाही.

एक अक्षर चुकलं नाही. “ब्रावो!” म्हणाली ती, आणि वर्षात पहिल्यांदाच माझ्याशी कितीतरी वेळ प्रेमानं बोलली.