राहीबाईंचे नऊ महिने

सांगली, ३ मार्च १९४६
सतरा नंबरच्या उंदरीलाही स्तनात गाठ आली! बीजाशय शाबूत असलेल्या वीस जणींपैकी ही अकरावी. ज्यांचे बीजाशय लहानपणीच काढून टाकले त्या वीस जणींत — एकही नाही. म्हणजे बीजाशयातलं हार्मोनच गाठ वाढवतं. दुसरं काय असणार?

इस्पितळातली आया शालूबाई पिंजऱ्यांवर ओलं गोणपाट टाकत होती. म्हणाली, "बाई, गाठ आली की तुमी हसता, आन् उंदीर मरतंय."

मी हसले होते? बहुतेक.

११ मार्च
डॉ. टिकेकरांनी तपासणीच्या खोलीत बोलावलं. बाई म्हणून, संशोधक म्हणून नव्हे. राहीबाई, औंधजवळच्या. वय अडतीस, चार मुलं. नवरा लालासाहेब, नुकताच लढाईवरून परतलेला हवालदार, त्यानेच आणलं. पदर बाजूला करा म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवत.

स्तनातली गाठ कंपासने मोजली. सव्वातीन इंच. कातडी फुटलेली, वर हळदीचा लेप. फासळ्यांना गच्च चिकटली आहे. दीड वर्ष लपवून ठेवली.

"दावू कुनाला? मानूस लढाईवर. घरात सासरा आन् दीर."

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "कापण्यापलीकडे गेलं."

१२ मार्च
दिवसभर एका जागी बसवेना. उंदरींचे काढतो, मग बाईचे बीजाशय का नाही? पन्नास वर्षांपूर्वी एका विलायती सर्जनने काढलेही होते. काहींच्या गाठी विरल्या, काहींच्या नाही. का, ते त्याला सांगता आलं नाही — हार्मोन हा शब्दही तेव्हा नव्हता!

डॉक्टर म्हणाले, "चारूताई, ती उंदरी नाही."
"म्हणूनच तिला विचारू या म्हणते."
"मग तुम्हीच विचारा."

१४ मार्च
विचारलं. काहीही लपवलं नाही.
"दुखंल?"
"हो."
"गाठ जाईल?"
"ठाऊक नाही."
मग म्हणाल्या, "बाई, तुमी खरं बोलता. बाकी समदी बरं व्हईल, बरं व्हईल म्हनत्यात."
लालासाहेब मध्येच — "मी इटलीत लय हास्पिटलं बगितल्यात. करून टाका!"
"आवं, तुमी गप बसा जरा. प्वाट माजं हाय." आणि माझ्याकडे वळून, "करा म्हनावं."

२० मार्च
झालं. शुद्धीवर आल्या. पाणी मागितलं.

९ मे
दोन इंच! तीनदा मोजली. विश्वास बसेना, डॉक्टरांनाही मोजायला लावली. जखम कोरडी. शालूबाईला मिठीच मारली — तिला काही कळेना.

सातारा, २ जून
वडिलांकडे चार दिवस राहायचं म्हणून आले. लोक लेकीबाळींची खुशाली विचारतात, तसं वडील मला विचारतात, "उंदीर कसे आहेत गं?" पंगतीत कोणती गाठ ते सांगायची सोय नाही. शेवटी विनोदिनी वहिनीने स्वयंपाकघरात हळूच विचारलं. सांगितलं, तर तिने नकळत पदर घट्ट ओढून घेतला. इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली माझी वहिनी!

उद्याच परत जाते. इथे हात रिकामे राहतात.

सांगली, १७ ऑक्टोबर
एक इंच. राहीबाई म्हणाल्या, "काल दिसभर रानातलं गवत भांगलून आले." मुंबईच्या प्रयोगशाळेला अहवाल पाठवला.

४ नोव्हेंबर
प्रमुखांचं पत्र! जानेवारीपासून मुंबईला या. जागा देतो, तुमची केस छापू. पिंजरे कसे न्यायचे?

२६ डिसेंबर
राहीबाई आल्या. कंबर दुखते. "उसात वाकून लचाकली आसंल." एक्स-रे काढला. मणक्याला भोकं पडली आहेत. स्तनातली गाठ मात्र अजून एकच इंच. रोग आत सरकला, आणि मी बाहेर कंपास लावून बसले होते.

डॉक्टर म्हणाले, "स्तनातली गाठ विरली, एवढंच तुम्ही लिहिलंय ना? ते खोटं नाही. मुंबईचं पक्कं होईपर्यंत राहू द्या तसंच."

आयर्विन पुलापर्यंत चालत गेले. परत आले. पुन्हा गेले.

२८ डिसेंबर
लिहिलं. "सुधारणा नऊ महिने टिकली. नंतर रोग मणक्यात उतरला." मुंबईला रजिस्टरने टाकलं. पोस्टातून बाहेर पडल्यावर वाटलं, परत मागून घ्यावं.

१६ जानेवारी १९४७
मुंबईचं उत्तर. जागेचा विचार तूर्त स्थगित. उंदरींचे आकडे पाठवत जा.
उंदरींचे!

२ मार्च
रहिमतपूरला उतरून बैलगाडीने राहीबाईंच्या गावी गेले. अंगणात बाजेवर होत्या. कूस बदलता येत नाही. म्हटलं, माझा उपाय फुकट गेला.

रागावल्याच! "फुकट? नऊ म्हैनं मी रानात हिंडले. थोरल्या पोरीचं लगीन केलं, उभ्यानं आक्षता टाकल्या. तुमच्या वईत त्ये लिवलंय का?"

नव्हतं लिहिलं. परत येऊन लिहिलं. इंच कुठल्या रकान्यात लिहायचे ते ठाऊक होतं. हे कुठे लिहायचं कळेना. समासात लिहिलं.

२१ मार्च
लालासाहेबांचं कार्ड. राहीबाई सोमवारी गेल्या.

५ एप्रिल
आठ दिवस उंदरींच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. शालूबाईच दाणापाणी बघते. राजीनामा लिहिला, फाडला.

८ एप्रिल
लालासाहेब आले. मागे एक तरणी बाई — बनुबाई, राहीबाईंची धाकटी बहीण. "थोरलीनं जाताना शपत घातली. डागतरीन बाईस्नी दावून ये म्हनली." तिने स्वतःहून पदर बाजूला केला. वाटाण्याएवढी गाठ. बोटाखाली सरकली — सुटी आहे! कापता येते. डॉक्टर उद्याच कापणार.

पिंजऱ्यातल्या एकेकीची आई कोण, बहिणी कोण, मला पाठ आहे. राहीबाईंना वर्षभर मोजलं. बहीण आहे का, हे एकदाही विचारलं नाही.

आज विचारलं.

"अजून दोगी हायती," बनुबाई म्हणाली. "कऱ्हाडाकडं दिल्यात."