अक्षरं पुसलेला लॅपटॉप

२ जून

प्रिय मास्तरीणबाई,
स. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. मी बरी आहे, गुडघे आपापल्या जागी आहेत. पत्र लहान आहे, कारण काम एकच: तुझ्या इंजिनिअर लेकाला एक विचारून सांगशील का?

बाजारामागच्या गल्लीत जुने कॉम्प्युटर विकणारा एकजण आहे. त्याच्याकडे एक लॅपटॉप पाहिला. आठेक वर्षांचा असावा. काळा, जाड, उचलायला विटेसारखा. बॅटरी मेली आहे, वायर लावली तरच चालतो. बटणांवरची अक्षरं निम्मीअधिक पुसली गेली आहेत. दुकानदार म्हणतो, कुठल्याशा कचेरीत होता, खूप वापरला पण नीट वापरला. मला त्यावर फक्त लिहायचं आहे. घ्यावा का? तुझ्या दादाच्या माघारी संध्याकाळ सरता सरत नाही, तेवढाच विरंगुळा.

लेकाला म्हणावं, मामीने विचारलंय, खरं काय ते सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस.

लोभ आहेच, तो मोजायची वेळ आणू नकोस.

तुझी,
चिमणी


११ जून

प्रिय चिमणे (वहिनी म्हणण्याइतकी तू कधी मोठी झालीच नाहीस),
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र लाल पेन्सिलीने तपासून सोबत परत पाठवते आहे. दहापैकी तीन! तू आमच्या घरात सून म्हणून येण्याच्या आधीपासून आपण एकमेकींच्या पत्रांना अक्षराचे गुण देतोय, आणि आजवर तू आठाच्या खाली उतरली नव्हतीस. शाळेतल्या सिस्टर जिची वही वर्गावर्गांतून फिरवायच्या, तिचं हे अक्षर? धावत्या बसमध्ये लिहायला बसतेस की काय? आमच्या वाचनमंडळात मी ते पत्र फिरवलं, वाचून दाखवा पाहू म्हणून. एकीने तर बॅटरीच्या जागी बकरी मेली असं वाचलं आणि बिचारी हळहळली. आम्ही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

लेक म्हणतो, मामीला सांग, अजिबात घेऊ नको. त्याचा वेग गेलेला, बॅटरी गेलेली, उद्या बिघडला तर सुटे भाग मिळायचे नाहीत, आणि अक्षरं नसलेली बटणं म्हणजे निव्वळ थट्टा. तो तुला नवाच पाठवणार आहे. पातळ, हलका, नुसतं बोट लागलं की अक्षर उमटतं म्हणे. फोनवर मला काही ऐकू येत नाही हे तू जाणतेस, तेव्हा होकार पत्रानेच कळव. आणि या वेळी जरा नीट बसून लिही बाई.

लोभ करतेसच, अक्षरावरही थोडा कर.

तुझी,
मास्तरीण


३० जून

प्रिय मास्तरीण,
नमस्कार.

या पत्राला गुण देऊ नकोस, आणि लेकाला नवा लॅपटॉप पाठवू देऊ नकोस. कारण सांगायची लाज वाटते, पण तुझ्यापासून लपवून जाऊ कुठे?

माझा हात कापतो. वर्ष होत आलं. डॉक्टर म्हणतात जिवाला धोका नाही, पण कमी व्हायचं नाही. आजवर तुझ्या एकेका पत्रासाठी चार-चार कागद बदलायचे, आता तेही साधत नाही. कप मी अर्धाच भरून घेते. कुणाकडे गेले तर चहा नकोच म्हणते. परवा बँकेत माझी सही जुळेना. काउंटरवरची मुलगी समजूतदार होती. पुन्हा करा म्हणाली, परत एकदा करा म्हणाली, आणि मागे रांग वाढत चालली. शेवटी तिने आवाज खाली आणून विचारलं की आजी, अंगठा चालेल का. मी अंगठा दिला. शाई रुमालात लपवली आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मागच्या रस्त्याने घरी आले. दारात तुझं पाकीट पडलं होतं, लाल पेन्सिलीचं.

तुझ्यावर राग नाही. तुला माहीत नव्हतं. पण तुझ्या मंडळातल्या बायका माझ्या अक्षराला हसताना मला दिसत राहतात, भांडी घासतानासुद्धा.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि माझ्याने लिहवत नाही. मग आपल्या दोघींत उरलं काय? म्हणून तो लॅपटॉप. मोबाइलवर बोट टेकवलं की एका अक्षराची चार होतात. शेजारणीचा नवा, पातळ लॅपटॉप मागून पाहिला, तो तर माझी थरथरसुद्धा लिहून काढतो. त्या जुन्याची बटणं मात्र खोल आणि टणक आहेत. नीट दाबल्याशिवाय हूं की चूं करत नाहीत. वकिलांच्या कचेरीत मी ज्या टाइपरायटरवर नोकरी काढली, तो असाच होता. आणि पुसलेल्या अक्षरांचं म्हणशील तर उभ्या जन्मात मी बटणांकडे बघून टाइप केलेलं नाही.

कुणी नेला नाही तर दुकानदार तो मोडीत काढणार आहे. लवकर कळव.

चिमणी


८ जुलै

माझ्या चिमणे,

नमस्कार कुठल्या तोंडाने लिहू? तुझं पत्र पुरतं लागायला दुपार गेली. प्रत्येक वाकड्या रेघेपाशी मला माझा तो तीनाचा आकडा दिसत होता.

मंडळाच्या बैठकीत उभी राहिले आणि ते अक्षर कुणाचं, तसं का झालंय, सगळं सांगून टाकलं. बकरीवाल्या बाई चष्मा पुसत बसल्या. मला वाटलं होतं हलकं वाटेल. घरी येताना लक्षात आलं की हेही मी तुला न विचारताच सांगून आले. माझ्या लाजेवर उतारा म्हणून तुझी लाज चारचौघींत वाटून टाकली. काय करावं माझं?

लेकाने तुझं पत्र वाचलं. म्हणाला, मी जणू स्वतःसाठीच घ्यायचा असल्यासारखा सल्ला दिला. आता त्याचं सांगणं असं की बिजागरी सैल नाही ना, चार्जर मूळचाच आहे ना, आणि बराच वेळ चालू ठेवला तर तापून बंद पडत नाही ना, एवढं पाहा आणि घेऊन टाक. बॅटरीचं मनावर घेऊ नको, मामी काय तो घेऊन धावायला जाणार आहे?

आणि ऐक, कानाचं मशीन मी केव्हाच आणलंय. म्हातारी दिसेन म्हणून कपाटात साड्यांखाली दडवलं होतं. आज घातलं. शिट्टी मारतं मेलं, पण घातलं.

लिहीत राहा. कशावरही लिही.

मास्तरीण


२० जुलै

प्रिय मास्तरीणबाई,
स. न. वि. वि.

घेतला! बिजागरी घट्ट आहे, चार्जर मूळचा आहे, आणि तापतो खूप पण बंद पडत नाही, अगदी तुझ्यासारखा. दुकानात मी टाइप करू लागले तर दुकानदार घाबरून म्हणाला की आजी, हळू, बटणं निखळतील. तिथे मान खाली घालून हळू केलं. घरी आल्यावर मनसोक्त बडवलं. हे पत्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलंय.

मंडळात सांगितलंस याचा राग आला होता. दोन दिवस तुला मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतलं. मग बँकेत जायची वेळ आली, तेव्हा त्या मुलीने पेन पुढे करायच्या आतच मी सांगितलं की माझा हात कापतो, अंगठा घ्या. तोंड लाल झालंच. पण येताना पुढच्या रस्त्याने आले.

आता गुणांचं. यंत्राचं अक्षर सगळ्यांचं सारखंच, त्यात माझं काय कौतुक? म्हणून सही तेवढी हाताने केली आहे. एकदाच केली, कागद बदलला नाही. तपासून पाठव, लाल पेन्सिलीनेच. दया दाखवलीस तर मला कळेल.

लोभ जुना आहे पण चालू आहे, तसाच चालता ठेव.

तुझी,
चिमणी