चार हजारांवरचा डोंगर

सातपूर, नाशिक
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सृष्टीस,

आशीर्वाद. तू आणि जावई खुशाल असाल. मी ठीक आहे. थंडी अजून गेलेली नाही, सकाळी नळाखाली हात धरवत नाही. गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो.

सातपूर ते नाशिक रोड अंतर ते काय, त्यासाठी पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर तुझ्या अण्णांचं नाव निघालं की तू "आई, ठेवते" म्हणतेस. पत्रही तू अर्धवट ठेवशील, पण ते घरातच राहील. कधीतरी पुढचं वाचशील.

आधी साधी बातमी. शिवरात्रीला आमच्या महिला मंडळाचं भजन आहे आणि त्यासाठी अण्णांचे स्पीकर मागितलेत. ते गेल्यापासून वर्षभर बाहेरच्या खोलीत चादरीखाली होते. मी हो म्हटलं. तू लग्न करून गेल्यावर शेजारी कुसाबाई राहायला आल्या, सायखेड्याच्या; अण्णांना त्या मोतीरामभाऊ म्हणायच्या. त्याच भजन सांगतात. पहिल्या तालमीला टाळ वाजले आणि त्या कान धरून उठल्या.

"अगं बाई, हे टाळ हाय का दाभण? मोतीरामभाऊंनी कुठला राग काढलाय आमच्यावर?"

"आवाज कमी करते," मी म्हटलं.

"कमी केला तर पेटी ऐकू येत नाय. टोचायचं तेवढं टोचतंयच. लय झालं, बंद कर."

तक्रार नवी नव्हती. अण्णा असतानाही लोक म्हणायचे, स्पीकर कर्कश आहेत. कोणीतरी गुपचूप बटणं फिरवायचं, म्हणून त्यांनी मधल्या डब्यावर काळी चिकटपट्टी लावली होती. तो डबा तुला आठवत असेल. माईक आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायचा, त्यांनी स्वतः बनवलेला, गोल बटणांचा. बटणांवर आकडा नाही, खूण नाही. कुठलं बटण किती फिरवलंय हे फक्त त्यांना ठाऊक.

साऊंडवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, मशीन आणून मोजावं लागेल, आणि मशीनचं भाडंच असं सांगितलं की मंडळानं प्रसादच रद्द केला असता. मग मी वाचायला बसले. तुला माझी सवय माहीत आहे, औषधाच्या खोक्यातली घडीसुद्धा मी उलगडून वाचते. सातवीत शाळा सुटली त्याचा वचपा मी अजून काढतेय.

स्पीकर खर्जापासून अगदी बारीक सुरापर्यंत प्रत्येक आवाज सारख्या जोरानं काढतो की नाही, ते मोजायचं. त्यासाठी सगळ्या पट्ट्यांतला एकसारखा खळखळाट वाजवायचा, धरणातून पाणी सोडल्यासारखा. तो इंटरनेटवर फुकट मिळतो. मग फोनवर एक ॲप घ्यायचं, तेही फुकट. ते रेघ काढून दाखवतं. रेघ सपाट आली तर स्पीकर खरा. पहिल्या दिवशी खळखळाट लावला तर समोरच्या गोरक्षनं गॅलरीतून विचारलं, "काकू, टीव्हीला मुंग्या आल्या का?"

माझ्या फोनवर रेघ आली. डावीकडे खड्डा आणि उजवीकडे डोंगर. पण फोनचा माईक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खर्ज त्याला नीट कळत नाही. खड्डा त्याचाच असणार. मग डोंगरही त्याचाच नसेल कशावरून? म्हणून मी मोजायचा माईक मागवला, बोटाएवढा, सगळ्यात स्वस्त. त्याच्यासोबत एक फाइल येते, त्या माईकची स्वतःची खोड किती ते सांगणारी. ती कॉम्प्युटरला दिली की तो तेवढी खोड वजा करतो. कॉम्प्युटर वरच्या उत्तराताईंचा जुना. प्रोग्रॅम फुकट. उत्तराताई म्हणाल्या, "वहिनी, आमच्याकडे हा फक्त पत्ते खेळायला होता. त्याचं नशीब उघडलं."

खोलीत मोजलं तर माईक वीतभर सरकवला की रेघ बदलायची. भिंतीवरून आवाज परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. म्हणून एका सकाळी स्पीकर गच्चीवर नेला, स्टुलावर ठेवला, पुढ्यात हातभर अंतरावर माईक बांधला आणि कारखान्यांकडे जाणाऱ्या गाड्या थांबायची वाट पाहिली. माईक थोडा इकडेतिकडे हलवून पुनःपुन्हा मोजलं. खड्डा गेला. डोंगर तिथेच.

तीन हजारांपाशी चढायला लागतो, चार हजारांवर शिखर, आणि आठ हजारांपर्यंत उतरून जमिनीला येतो. हे आकडे म्हणजे आवाज सेकंदाला किती वेळा थरथरतो त्याचे. टाळ, शिट्टी, बोलण्यातला स आणि च, सगळं त्याच डोंगरावर राहतं.

मग मी डबा काढून टाकला आणि तार थेट जोडली. रेघ जवळजवळ सपाट आली. म्हणजे स्पीकरमध्ये काही दोष नव्हता. डोंगर तुझ्या अण्णांनी हातानं रचला होता. खुर्चीत बसून, कान लावून, बटण जरा जरा फिरवत. कानाला बरोबर वाटेपर्यंत.

मला आधी हसू आलं. म्हटलं, जन्मभर नटबोल्टची मापं काटेकोर, आणि इथे एवढी चूक?

वाचनालयात कामगारांच्या आजारांवरचं एक पुस्तक आहे. ते मी धुळीचे आजार, पाठदुखी असं एकेक प्रकरण करत वाचत होते. त्यात प्रेस शॉपचं पान आलं, अण्णांनी नोकरीचा जन्म काढला तसल्याच. पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांपाशी वर्षानुवर्षं उभं राहणाऱ्याचा कान सगळीकडे सारखा जात नाही. आधी चार हजारांपाशी खड्डा पडतो, आणि आठ हजारांकडे जाताना रेघ पुन्हा वर येते. पुस्तकात तशा एका कामगाराच्या कानाची आकृती होती. मी ती उलटी धरली, सृष्टी, तर तोच डोंगर. आणि तिथेच बसून राहिले. वाचनालय बंद करायला माणूस आला तेव्हा उठले.

एवढा आवाज वाढवला तेव्हा कुठे त्यांना टाळ टाळासारखे ऐकू येत होते. आपल्याला टोचत होतं ते त्यांना जेमतेम पोचत होतं. त्यांना स्वतःला हे कळलं असेल असं मला वाटत नाही. ते म्हणायचे, "हल्ली लोक पुटपुटतात." मला म्हणायचे, "तोंड इकडे करून बोल." मी समजायची, नवरेशाही. दूधवाल्याची घंटी त्यांनी कधी ऐकली नाही. पुरुषांना उत्तर द्यायचे, बायकांना नाही, म्हणून चाळीत त्यांना ताठ म्हणायचे. त्या पुस्तकात लिहिलंय, असा माणूस कोणी बोलतंय हे ऐकतो, पण काय बोलतंय ते निसटतं. बायकांचं आणि पोरांचं आधी. त्यात मागून बोललं आणि जवळ पंखा चालू असला तर तेवढंही नाही.

आता ते लिहिते, जे लिहायला मी मोजमापांत एवढा वेळ काढला.

तू लग्नानंतर आली होतीस त्या दुपारी मी गिरणीत होते. अण्णा बाहेरच्या खोलीत दाराकडे पाठ करून तारांना कथलाचा डाग देत बसले होते, धुरासाठी टेबलफॅन लावून. तू उंबऱ्यात उभी राहून म्हणालीस, "अण्णा, मी आलेय. आत येऊ का?" पुन्हा विचारलंस. ते वळले नाहीत. तू निघून गेलीस. तुझा आवाज लहानपणापासून बारीक, आणि त्या दिवशी तू मोठ्यानं बोलली नसणार.

संध्याकाळी तुझ्याकडून कळल्यावर मी त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, "मला कोणी काही बोललं नाही." मी ते तुला फोनवर सांगितलं. तू म्हणालीस, "बघ, वर खोटंही बोलतात." तुला ते खोटं वाटलं. मलाही वाटलं. स्मशानात तू लांब उभी होतीस, तशीच परत गेलीस. मी तुला हाक मारली नाही. मला वाटलं, तुझं बरोबर आहे.

आता मी तुला सांगणार नाही की त्यांनी ऐकलं असतं तर ते नक्की वळले असते. रेघेवरून एवढंच कळतं की त्यांना ऐकू आलं नसावं. तुझ्या लग्नावर ते रागावलेले होते, हे खरं आहे. नंतर नाशिक रोडला तुझ्या घरी ते आपणहून का आले नाहीत, याचं उत्तर कुठल्या माईकमध्ये नाही. मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत काढली आणि मला सांगता येत नाही. पण तू चार वर्षं धरून बसलीयस की बापानं ऐकून पाठ फिरवली. तेवढं ओझं तरी खाली ठेव. ते तसं घडलं नसेल. पाठ आधीपासूनच तिकडे होती.

शिवरात्रीच्या आधी मला डब्याची बटणं फिरवून डोंगर उतरवायचा आहे. मंडळातल्या बायकांचे कान शाबूत आहेत, त्यांना त्यांचं भजन मिळालं पाहिजे. एकदा बटणं फिरवली की अण्णांना जग कसं ऐकू यायचं हे पुन्हा कुठे राहणार नाही. मी रेघेचा फोटो काढू शकते, पण फोटोला आवाज नसतो.

पुढच्या रविवारी सकाळी मी ते करणार आहे. त्याआधी आलीस तर तुला एकदा ऐकवीन. कान दुखतील, पण ऐक. मग वाटलं तर डब्यावरची पट्टी तू काढ. येणार नसशील तर कळवू नकोस, कारण सांगावं लागेल आणि ते तुला जड जाईल. मी दुपारपर्यंत थांबेन आणि मग एकटी करीन.

तू होस्टेलला होतीस तेव्हा मी प्रत्येक पत्राखाली "अण्णांचे अनेक आशीर्वाद" असं त्यांना न विचारता लिहून टाकायची. आज पेन तिथपर्यंत गेलं आणि थांबलं. त्यांच्या मनात तुझ्यासाठी काय होतं ते मला माहीत नाही, म्हणून ती ओळ लिहीत नाही.

माझे आशीर्वाद आहेत.

आई