बोटभर उंची

ता. ४, सोमवार

ती. सौ. ताईस,
धाकल्याचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. भावजींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. माझं ठीक चाललं आहे. झोप तेवढी लागत नाही, पण ती मला कधी लागत होती?

लढाई थांबली असं रेडिओ सांगतो, तरी आमच्या कारखान्यात लाकडी पायांची मागणी काही थांबत नाही. रोगण लावलेले पाय आम्ही वाळायला छताच्या आकड्यांना टांगतो. दुपारी वारा आला की ते हलू लागतात, सगळे एकाच दिशेला, संथ. मी रंधा थांबवून बघत बसतो. वाटतं, हे आपल्याला न सांगता कुठंतरी निघाले आहेत, आणि ती जागा फार लांब नाही.

आज जे झालं ते लिहिल्याशिवाय मात्र चैन पडणार नाही. एका शिपायाचे दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले आहेत. आम्ही त्यांना शिपाईदादा म्हणतो. शनिवारी दुपारच्या गाडीनं ते घरी जाणार, आणि दारातून स्वतःच्या पायांनी आत येईन असं त्यांनी बायकोला कळवूनही टाकलं आहे. त्यांचा डावा पाय मी केला, उजवा शीळकाकांनी. शीळकाका माझ्या समोर बसतात आणि काम करताना सतत शीळ घालतात, म्हणून हे नाव. आमचं दोन महिने बोलणं बंद आहे. पूर्वी एकजण पट्टी धरायचा, दुसरा माप लिहून घ्यायचा. आता ज्याचं माप त्याच्यापाशी.

आज शिपाईदादा काठ्यांवर उभे राहिले आणि उजवीकडे झुकले. उजवा पाय बोटभर आखूड.

ताई, खोटं लिहीत नाही. ते पडत होते, आणि मला आधी आनंद झाला. काकांची चूक सगळ्यांना दिसली म्हणून. हात पुढं केला तो त्यानंतर. त्या मधल्या क्षणाची मला भीती वाटते. माझं माप मी चार वेळा तपासलं, ते बरोबरच आहे. काकांनीही त्यांचं तपासलं असावं, कारण शीळ फार जोरात चालली होती. माझ्या पायाला मी हात लावणार नाही.

लोभ आहे तसाच राहू दे, त्याला कानस लावू नकोस.

तुझा,
धाकला

---

ता. ६, बुधवार

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

आठवीत शाळा सोडलेल्या माणसाच्या पत्रात एकही वेलांटी चुकू नये, कमाल आहे. तुझे भावजी म्हणतात, हा जन्मल्यावर आधी पाळणा तिरका नाही ना ते बघून मग रडला असेल.

पायांबद्दल पानभर लिहिलंस, भांडण कशावरून त्याची एक ओळ नाही. लाज वाटत असणार. मग मीच माझं आधी लिहिते. जाऊबाईंशी मी वर्षभर बोललेली नाही. आमच्यामध्ये एक भिंत, आणि मागे कपडे वाळत घालायची एकच दोरी. तिनं माझी ओली चादर सरकवली, ती मातीत पडली. मी दोरीच्या मध्यावर लाल चिंधी बांधली. आता तिचा एखादा टॉवेल वाऱ्यानं चिंधीच्या अलीकडे आला की माझ्या छातीत धडधडतं. एका चादरीपायी! देशांचं भांडण निदान नदी-डोंगरांवरून तरी होतं.

तिचा मुलगा लढाईवर गेलाय. दोन महिने त्याचं पत्र नाही. ती पोस्टमनला विचारते, ते मला भिंतीतून ऐकू येतं. माझ्या मांडीवर खेळलेला पोरगा रे तो. पण जाऊन काय म्हणू? आधी चिंधीचं बोलू की त्याचं?

त्या शिपायाला त्याची मूळची उंची विचार. म्हणजे कोणाचं माप खरं ते कळेल.

काळजी आहेच, पुढचं पत्र येईपर्यंत ती उशाशी ठेवते.

तुझी,
ताई

---

ता. ९, शनिवार

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भांडण खिडकीवरून. उघडी ठेवली तर ओल्या रोगणावर धूळ बसते, बंद केली तर काका वासानं गुदमरतात. एवढंच. कागदावर किती लहान दिसतं! मनात होतं तेव्हा कारखान्यात मावत नव्हतं.

काल शिपाईदादांना उंची विचारली. ते हसले. म्हणाले, भरतीच्या वेळी मोजली होती, पण तेव्हा पाय होते, लक्षात कोण ठेवतो? एवढंच आठवतं, की बायको जवळ आली की तिचं कपाळ शर्टाच्या दुसऱ्या बटणाला टेकायचं. बटण इथं, कपाळ तिथं. म्हणजे ताई, कोणाचं माप खरं हे आम्हाला कोणीच सांगू शकत नाही.

मग मी त्यांना माझा तो आनंद सांगितला. वाटलं, चिडतील. त्यांनी टांगलेल्या पायांकडे बघितलं. म्हणाले, लढाईत आमचा गोळा पडून नदीपलीकडे धूर उठला की आम्ही टाळ्या वाजवायचो. कोणी शिकवल्या नव्हत्या. एका सकाळी पलीकडे एकजण शर्ट वाळत घालताना दिसला, झटकून, सुरकुत्या काढून, हुबेहूब माझ्या आईसारखा. दुपारी तिथंच धूर उठला. मी टाळ्या वाजवल्या, शर्ट नंतर आठवला. आता झोपेत शिपाईदादांचे पाय त्या नदीत सोडलेले असतात म्हणे, पाणी गार असतं, आणि समोरूनही कोणीतरी पाय सोडून बसलेलं असतं. दोघांपैकी कोणीच काढून घेत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी डावा पाय आकड्यावरून काढला आणि बोटभर घासला. भुसा पडत राहिला. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

आज सकाळी शिपाईदादा उभे राहिले, आणि या वेळी डावीकडे झुकले! मी धावलो. हात आधी गेला, ताई, त्याच्या आधी काहीच नव्हतं. दुसऱ्या बाजूनं काकांचा हात आलेला होता. त्यांनी सकाळी लवकर येऊन उजव्या तळव्याला बोटभर चामडं चिकटवलं होतं. शिपाईदादा आमच्यामध्ये लोंबकळत हसत सुटले. म्हणाले, भांडताना विचारलं नाहीत ते राहू दे, निदान माघार घेताना तरी एकमेकांना विचारायचंत!

काका दोन महिन्यांनी माझ्याशी बोलले. विचारलं, किती घासलंस? मी म्हटलं, बोटभर. ते म्हणाले, कोणाचं बोट? आम्ही बोटाला बोट लावून पाहिलं. त्यांचं जाड निघालं.

मग त्यांनी पट्टी धरली, मी माप लिहिलं. चामडं काढलं, उरलेला फरक मी घासला. उंची नवीनच धरली. कपाळ कुठं टेकतं ते बायको बघून घेईल, असं शिपाईदादा म्हणाले, आणि दारातून सरळ चालत गेले. मागे दोन रिकामे आकडे हलत होते. खिडकी उघडी आहे, माझ्या रोगणावर धूळ बसली आहे. सोमवारी पुसेन.

आणखी एक. जाऊबाईंच्या मुलाचं मी शिपाईदादांच्या कानावर घातलं आहे. ते म्हणाले, त्याचा शिपाई-नंबर कळवा, पलटणीच्या कचेरीत मी चौकशी करतो. पत्ता देऊन गेले आहेत. तो नंबर भिंतीतून ऐकू यायचा नाही, ताई.

माझ्यावरच्या लोभातला थोडा आज पलीकडे दे.

तुझा,
धाकला

---

ता. १२, मंगळवार

चि. धाकल्यास,
अ. उ. आ.

नंबर सोबतच्या चिठ्ठीवर आहे, जाऊबाईंच्याच अक्षरात. माझ्या आकड्यांवर तिचा भरवसा नाही.

काय बोलायचं ते घोकून गेले होते. तिनं दार उघडलं आणि माझ्या तोंडून नुसतं पोराचं लाडाचं नाव निघालं. मग बराच वेळ नंबर राहूनच गेला.

चिंधीची गाठ सुटत नाही. दोघींनी ओढून पाहिली. सध्या तिच्यावरूनच माझी चादर टाकली आहे, अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

नंबर आजच्या आज पुढे पाठव. पोस्टमनची वाट आता आम्ही दोघी एकाच दारात बघतो.

तुझी,
ताई